विजेची जुनी सायकल

वय वाढलें कीं माणसाचे मनोरथ लहान होतात असें म्हणतात. माझे मात्र गुडघे तेवढे म्हातारे झाले. मनोरथ होते तेथेंच राहिले. तरुणपणीं दर रविवारीं पहांटे सदाशिव पेठेंतून सायकलवर टांग मारून मी सिंहगडाच्या पायथ्याशीं जात असें आणि तेथून पायीं गड चढत असें. सायकलींचें शहर म्हणून पुण्याची ख्याति होती तो काळ. साठी जवळ आली तेव्हां डॉक्टरांनीं गुडघे तपासले आणि गड पायीं उतरण्यास साफ मनाई केली. चढण्यापेक्षां उतरतांनाच गुडघ्यांवर अधिक भार येतो, असें त्यांचें म्हणणें. तेव्हांपासून पर्वतीवर फिरावयास गेलों कीं नैर्ऋत्येस गड दिसे, आणि मी दुसरीकडे तोंड करून बसें.

अशा मनःस्थितींत विजेच्या एका जुन्या सायकलीची जाहिरात माझ्या दृष्टीस पडली. डोंगरी बांधणीची, रुंद खांचेदार टायरांची, पुढें स्प्रिंगचा काटा असलेली ती सायकल चार वर्षें वापरलेली होती. बंगळूरला नोकरीस निघालेल्या एका तरुणाकडून मीं ती चौदा हजार रुपयांस घेतली. मागील चाकाच्या हबमध्यें २५० वॅटची मोटार, चौकटीच्या नळीच्या पोटांत ३६ व्होल्टची साडेसात अँपिअर-तासांची बॅटरी, सात गिअर, आणि दोन्ही चाकांस तारेनें ओढले जाणारे डिस्क ब्रेक. २५० वॅट व ताशीं २५ किलोमीटर या मर्यादेंतील सायकलीस आपल्या नियमांप्रमाणें नोंदणी लागत नाहीं कीं परवाना. त्यामुळें कोणाच्या दारीं जाण्याचें कारण नव्हतें.

सौ. नें अंगणांत सायकलीभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली. "अहो, चालते ती चांगलीच, पण थांबते कशी, हें पाहिलंत का?"

"थांबण्यास काय लागतं? थांबणं सर्वांनाच येतं!" मीं हंसून म्हटलें.

पहिल्या स्वारींत खडकवासल्यापर्यंतचा रस्ता असा सरला कीं, गेलेलीं तीस वर्षें कोणीं तरी हातांत आणून ठेवलीं असें वाटलें. घाट लागला आणि ही नशा उतरूं लागली. निम्मा घाटहि संपला नाहीं तोंच बॅटरीचा शेवटचा दिवा लुकलुकून विझला. बावीस किलोंचें तें धूड ढकलीत मी चालूं लागलों. डोक्यावर दह्याची पाटी घेऊन गडावर निघालेली एक बाई मागून आली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाबा, ही तुमास्नी नेतीया, का तुमी हिला?" उत्तर नव्हतें. मी मुकाट्यानें मागें फिरलों.

पाटीपेन्सिल खरें म्हणजे सायकल घेण्यापूर्वीं हातीं धरावयास हवी होती. ती मीं त्या सायंकाळीं धरली. गड पुण्याहून सुमारें ७५० मीटर उंच आहे. मी, सायकल व पाठीवरची पिशवी मिळून शंभर किलो. एवढें ओझें एवढ्या उंचीवर नेण्यास, घर्षण व वारा हिशेबांत न धरतांहि, २०४ वॅट-तास ऊर्जा लागते. नवी असतांना त्या बॅटरींत ती २७० असावयाची. चार वर्षांच्या वापरानें, मोजून पाहिली तों, १६० च उरली होती. त्यांतली कितीतरी मीं सपाट रस्त्यावर ऐटींत उधळली होती. शिवाय मोटार चाकांतच असल्यामुळें गिअरचा लाभ माझ्या पायांस मिळे, मोटारीस नाहीं. जिची मोटार पेडलांच्या आंसापाशीं बसवलेली असते, तिचें बळ साखळीवाटे चाकास पोंचतें, म्हणून गिअर हलका केला कीं मोटारीचें ओझेंहि हलकें होतें. माझी मोटार उभ्या चढावर संथ झाली कीं विजेचा बराचसा भाग चाक फिरविण्याऐवजीं स्वतः तापण्यांत घालवी. याला उपाय एकच. पायांनीं जोर देऊन चाकाचा वेग पडूं न देणें.

मग सुधारणांचा हंगाम सुरू झाला. दहा लिथियम सेल एकापुढें एक जोडले म्हणजे ३६ व्होल्ट होतात. पूर्ण भारल्यावर प्रत्येक सेल ४.२ चा, म्हणजे एकूण ४२. "काका, ४८ व्होल्टची घाला, उडेल नुसती," असें सायकल दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला. पण नियंत्रक आणि मोटार ज्या दाबासाठीं घडलीं आहेत त्याहून अधिक दाब त्यांवर लादणें म्हणजे जाळण्याची तयारी करणें, आणि वेगाची मर्यादाहि ओलांडणें. एवढें शहाणपण मला होतें. मीं ३६ व्होल्टचीच, पण १३ अँपिअर-तासांची, सेलांचें रक्षण करणारें मंडल आंत असलेली बॅटरी, तिच्याच भारकासह घेतली. ४६८ वॅट-तास! मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दांते २८ होते, ते ३४ करविले. साखळी नवी घातली. सायकलीच्या किमतीइतकाच पैसा तिच्यांत पुन्हां ओतला, आणि त्यांतला एकहि रुपया ब्रेकवर खर्च केला नाहीं.

दुसऱ्या स्वारींत मी गडावर पोंचलों. मडक्यांतलें दही खाल्लें, पिठलें-भाकरी खाल्ली, आणि कल्याण दरवाजापाशीं बसून मनसोक्त वारा घेतला. उतरावयास लागलों तो विजयी वीराच्या थाटांत.

वर नेलेली ऊर्जा गडावर ठेवून येतां येत नाहीं, हें गणित मीं केलेंच नव्हतें. तेच २०४ वॅट-तास उतरतांना परत द्यावे लागतात. कांहीं वारा घेतो, बाकीचे घेणाऱ्या दोनच. ब्रेकच्या त्या दोन पातळ तबकड्या. मीं त्या वरपासून सतत दाबून धरल्या होत्या. तारेच्या ब्रेकांत गुटके झिजले कीं तार हातानें आंवळावी लागते. ती चार वर्षांत कोणीं आंवळली होती देव जाणे. एका वळणावर पुढच्या ब्रेकचा दांडा थेट मुठीला जाऊन टेंकला, आणि समोरून प्रवाशांनीं भरलेली जीप वर येत होती. एका बाजूस कठडा व त्यापलीकडे दरी. मीं सायकल डोंगराच्या बाजूच्या चरांत घातली. जीपमधल्या मुलांनीं मला उचललें. डाव्या मनगटाचें हाड तडकलें होतें.

हात गळ्यांत बांधून बसलेल्या त्या आठवड्यांत मीं डोंगरी सायकलीचा इतिहास वाचला. विजेची सायकल तशी जुनीच. मागील चाकाच्या हबमध्यें मोटार असलेल्या सायकलीचें पेटंट ऑग्डेन बोल्टन या अमेरिकनास १८९५ सालींच मिळालें होतें. पण माझे डोळे उघडले ते कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्याच्या हकीगतीनें. तेथल्या तरुणांनीं १९३० व ४० च्या दशकांतल्या जाड टायरांच्या टाकाऊ सायकली जमविल्या आणि १९७६ सालीं फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या डोंगरवाटेवर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. उतरतांना मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे कीं हबमधील ग्रीस धूर होऊन जाई, आणि तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून त्या वाटेचें नांवच 'रिपॅक' पडलें. मग कोणी ढोलाचे ब्रेक लावले, कोणी मोटारसायकलीचे दांडे बसविले, गिअर आणले. आणि १९७७ सालीं जो ब्रीझ यानें डोंगरासाठींच नवी चौकट घडविली. जुन्या सायकली सुधारून हें वाहन जन्मास आलें खरें. पण त्याच्या जन्मवाटेचें नांव चढण्याच्या हौसेवरून नव्हे, तर जळलेल्या ब्रेकावरून पडलेलें आहे.

प्लास्टर निघाल्यावर मीं तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसविले. त्यांत गुटके झिजले तरी अंतर आपोआप भरून निघतें. पुढची तबकडी १६० ऐवजीं १८० मिलीमीटरची घेतली. विजेच्या सायकलीस साधे दांडे चालत नाहींत. दाबतांक्षणींच मोटार बंद करणारी कळ त्यांत असावी लागते, तीहि पाहून घेतली. हें सारें बॅटरीच्या निम्म्या खर्चांत झालें.

जुनी वस्तु सुधारतांना आपण प्रथम बळ विकत घेतों, कारण बळाचा आनंद पहिल्याच दिवशीं मिळतो. आंवरण्याच्या साधनाचा आनंद असा कधीं मिळत नाहीं. त्याचें काम झालें म्हणजे कांहींच घडत नाहीं. घर चालविणारीं माणसें हें नित्य जाणतात; फुशारकी मारणारांना त्यासाठीं एक मनगट द्यावें लागतें.

मागल्या मार्गशीर्षांत मी पुन्हां गडावर जाऊन आलों. उतरतांना ब्रेक सतत न धरतां थोडा थोडा वेळ दाबीत आलों, आणि मध्यें दोनदां थांबून तबकड्या निवूं दिल्या. दाराशीं पोंचलों तेव्हां सौ. ओट्यावर उभी होती. तिनें माझ्याकडे पाहिलें नाहीं. वांकून पुढच्या चाकाकडे पाहिलें.

"थांबली ना वेळेवर?" तिनें विचारलें.

"थांबली," मीं म्हटलें, आणि सायकल ओट्याला टेकून उभी केली.