माणिक मायनर

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटला की खोलीभर सुक्या बोंबलासारखा वास सुटतो. आमच्याकडे तो सुटला ऐन श्रावणी सोमवारी. बायकोने आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला, मग नाकाला पदर लावून माझ्या टेबलापाशी आली आणि काही न बोलता खिडकी उघडून गेली. टेबलावर डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना कॉम्प्युटर होता. एका बुधवारी जुन्या बाजारात, पितळी नळ आणि सायकलच्या घंट्यांच्या ढिगात सापडलेला. इतक्या जुन्या यंत्राचा कपॅसिटर जाणारच. पण तो वास आला आणि मला का कोण जाणे, आत्याचे हात आठवले. पातळाखाली हलणारे. त्या वासाचा आणि तिचा काही संबंध नाही, आमच्या घरी तेव्हा काहीही फुटलं नव्हतं.

डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरचा परवाना घेऊन १९८६ मध्ये हे यंत्र भारतात आणलं आणि पुढच्या वर्षी वडिलांनी ते आमच्या अभ्यासासाठी घेतलं. 'अभ्यासासाठी' म्हटलं की तेव्हा घरात काहीही आणता येई. आणल्यावर कळलं की याला टेपरेकॉर्डर लागतो. घरात टेपरेकॉर्डर एकच, आत्याचा. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेला, क्रोशाचं झाकण घातलेला, नाट्यगीतांसाठी राखीव. त्यामुळे आमच्या घरचा कॉम्प्युटर आत्याच्या परवानगीशिवाय चालतच नसे.

खेळ कॅसेटवर यायचा. लोडची आज्ञा द्यायची, टेप सुरू करायची आणि चार-पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं. आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या कडेला पट्टे धावायचे आणि यंत्राच्या पोटातून किरकिर ऐकू यायची. आवाजाचं बटण एका ठरावीक खुणेवर हवं. केसभर इकडेतिकडे झालं की चौथ्या मिनिटाला 'आर टेप लोडिंग एरर', पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्याच्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट असेल तर हेडचा कोनही जुळायचा नाही. मग आत्या घड्याळजीकडचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन रेकॉर्डरच्या छिद्रातून हेडचा स्क्रू हळूहळू फिरवायची आणि कान लावून बसायची. किरकिर टोकदार झाली की म्हणायची, "आता लाव." तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

ती सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. मराठी आणि इंग्रजी, दोन्हींवर बघायची गरज नसलेला हात. स्पेक्ट्रमने पहिल्या दिवशी तिला चांगलंच छळलं. ओळीच्या सुरुवातीला पी दाबलं की पी उमटतच नाही, अख्खा 'प्रिंट' उमटतो. जे दाबलं की 'लोड'. स्मरणात एकेका आज्ञेला एकच बाइट लागावा आणि शब्द ओळखण्याचा व्याप वाचावा म्हणून सिंक्लेअरवाल्यांनी ही सोय केली होती. आत्याला ती सोय वाटली नाही. "आगाऊ आहे," ती म्हणाली, "समोरच्याला बोलणं पुरं करू देत नाही." पण पंधरवड्यात तिने तेही बोटांत बसवलं. पेठेतल्या एका मुलाकडे त्याचा लंडनचा मामा जुनी कॉम्प्युटर मासिकं पाठवायचा. त्यांत छापलेले लांबलचक प्रोग्रॅम आत्या रात्री जेवणं आटोपल्यावर टाइप करून द्यायची आणि लाइट गेली की सगळं पुसलं जायचं, ती परत आली की पुन्हा दहा नंबरच्या पहिल्या ओळीपासून सुरू करायची. कुरकुर आम्ही करायचो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, तिचा आत्याशी संबंध असो वा नसो. मूळ झेडएक्स स्पेक्ट्रम केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये काढला. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ ला. इतकं स्वस्त कसं परवडलं, याच्या कारणांत एक असं: ४८ केबीच्या यंत्रात वरच्या ३२ केबीसाठी ज्या चिप बसवल्या, त्या मुळात दुप्पट क्षमतेच्या होत्या आणि कारखान्याच्या तपासणीत त्यांचा अर्धा भाग नापास झालेला होता. टाकाऊ म्हणून त्या पडत्या भावात मिळत. कुठला अर्धा शाबूत आहे ते बघायचं, एकाच बाजूने शाबूत अशा आठ निवडायच्या आणि बोर्डावर एक तारेचा तुकडा इकडे किंवा तिकडे जोडायचा. नापास भागाकडे यंत्र पुन्हा कधी वळून बघत नाही. यावर मला एक उपमा सुचली होती. आत्याला ती आवडली नसती, म्हणून लिहीत नाही.

हल्ली ही यंत्रं जमवणारे लोक भेटतात. त्यांच्यातल्या एका जातीवर माझा राग आहे: खोकं उघडायचं नाही, कीबोर्डवरचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा नाही, वायर लावायची नाही, कपाटात ठेवून काचेला कुलूप. एकाने माझा डीबी बघून विचारलं, "वापरता की काय?" जणू मी देव्हाऱ्यातल्या ताम्हनात चहा पीत होतो. माझ्या मुलाचं बरं, तो हेच खेळ फोनवर क्षणात उघडतो, दोन उड्या मारतो आणि कंटाळतो. निदान कुलूप तरी लावत नाही.

तर, आत्याचे हात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. रात्री पाणी प्यायला उठलो, तर बाहेरच्या खोलीत टीव्हीचा उजेड. स्पेक्ट्रमला आवाज कमी करायचं बटणच नाही, म्हणून तिने यंत्रावर आपलं जुनं पातळ घडी करून टाकलं होतं आणि हात त्याच्या खाली घातले होते. बघायची गरज नव्हतीच. पडद्यावर मॅनिक मायनर. कॅसेटवर तिनेच 'माणिक मायनर' असं लेबल लावल्याने आमच्या घरी त्या खाणकामगाराचं नाव माणिक. पडद्यावरची गुहा आम्हा पोरांपैकी कोणीच पाहिली नव्हती. वरून उपग्रह एकामागून एक खाली येत होते, जमिनीला टेकले की त्यांचा चुरा होत होता, की दुसरीकडून पुन्हा खाली. माणिक एका फळीवर नुसता उभा होता. पातळाखाली कधीतरी एखादं बोट हलायचं. "पाणी पी आणि झोप," ती म्हणाली.

ती चौदावी गुहा. आम्ही पाचवीत मरायचो. सकाळी ताईला सांगितलं तर ती हसली. सिद्ध करणार कसं? यंत्र बंद केलं की सर्वोच्च गुणसंख्याही पुसली जाते. वर्षानुवर्षं मी हे असं सांगत आलो की माझ्या आत्याने रात्री एकटीने तेरा गुहा ओलांडल्या आणि कोणाला पत्ताही लागू दिला नाही.

मॅथ्यू स्मिथने हा खेळ १९८३ मध्ये लिहिला, सतराव्या वर्षी, दोनेक महिन्यांत. पहिल्यांदा तो बग-बाइटने विकला. त्या आवृत्तीत एक चोरवाट होती: खेळता खेळता ६०३१७६९ हा आकडा दाबला की हव्या त्या गुहेत जाता येई. स्मिथच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरचा तो आकडा, असं सांगतात. पुढे त्याने बग-बाइट सोडलं आणि सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्समार्फत तोच खेळ पुन्हा काढला. त्यात आकड्याच्या जागी एक शब्द आला.

गेल्या वर्षी वाडा बिल्डरला देण्याआधी ताईने माळा उपसला आणि एका कॅसेटचा फोटो मला पाठवला. लेबल आत्याने कचेरीतल्या मराठी यंत्रावर टाइप केलेलं, जांभळी शाई. वर 'माणिक मायनर'. खाली, छोट्या ओळीत: 'टाइपरायटर १ ३ ४ ६'. ताईने लिहिलं होतं, "हिला टाइपरायटर घ्यायचा होता का रे? १३४६ रुपये किंमत असेल."

सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सच्या आवृत्तीतला तो शब्द म्हणजे 'टाइपरायटर'. तो टाइप केला की वाट उघडते, मग १ ते ५ या बटणांच्या जोडण्यांनी गुहा निवडायची आणि सोबत ६ दाबायचा. १, ३, ४ आणि ६ म्हणजे नेमकी चौदावी. मासिकातल्या युक्त्यांच्या पानावर तिला ते मिळालं असणार. म्हणजे तिने तेरा गुहा ओलांडल्या नव्हत्या. तिला त्या एकाच गुहेत जायचं होतं.

गुहेचं नाव पडद्यावर खाली लिहून येतं: स्कायलॅब लँडिंग बे.

स्कायलॅब हे नासाचं अंतराळस्थानक ११ जुलै १९७९ रोजी पडलं. आपल्याकडे त्याआधी काय घबराट होती! ते आपल्याच डोक्यावर येणार अशी गावोगाव खात्री. प्रत्यक्षात तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्सच्या आसपास. तिथल्या स्थानिक कारभाऱ्यांनी कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोकला. तो थेट २००९ मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. हे मी पाहुण्यांना नेहमी सांगतो, हमखास हसू येतं.

आमच्या आजीने त्या दिवसाचा दुसराच उपयोग केला होता. आत्या सासरहून कायमची कधी आली, हे कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "स्कायलॅब पडलं त्याच आठवड्यात." आणि भाजीकडे वळायची. एवढंच. का आली, कोण सोडायला आलं, काय बोलणं झालं, याबद्दल आमच्या घरात एक शब्द कधी ऐकला नाही. तिने स्वतः काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यानंतर टायपिंगच्या परीक्षा, मग कचेरी, मग तो टेपरेकॉर्डर. आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ताईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तू फार रचतोस. तिला पडणारे उपग्रह बघायला मजा वाटत असेल. दिवसभर साहेबांची पत्रं बडवल्यावर माणूस दुसरं काय करणार?" असेलही. त्या रात्री माणिक फळीवर स्तब्ध उभा होता आणि गुहेतली हवा संपत आली तरी तिने त्याला हलवलं नाही, हे मला लख्ख आठवतं. तिचा चेहरा आठवत नाही. चेहऱ्याकडे मी बघितलंच नसणार. अकरा वर्षांचा मुलगा पडदाच बघणार.

कपॅसिटर बदलून झाले. तपकीर गल्लीत ते अजून मिळतात, फक्त दुकानदार कशासाठी ते दोनदा विचारतो. पण यंत्र उघडल्यावर कीबोर्डच्या पडद्याची रिबन हात लागताच तडकली. वयाने ठिसूळच होते ती. तिच्यातली एक रेष तुटली की आठ बटणं एकदम मरतात, आणि माझ्याकडे तुटली ती नेमकी ई, आय आणि ३ यांची. त्यामुळे 'टाइपरायटर' टाइप होत नाही, १ ३ ४ ६ ही दाबता येत नाही. चोरवाट बंद. डावीकडे, उजवीकडे आणि उडी मात्र शाबूत आहे.

इंग्लंडात हे पडदे आता नवे बनवून मिळतात, मागवलाय. ताई म्हणते बसवू नकोस, चालत जा चौदापर्यंत. तिला सांगायला काय जातंय. पाचव्या गुहेत दाराशी तो यूजीन वरखाली करत असतो, आणि शेवटची किल्ली उचलली की दार अडवूनच बसतो मेला.