गवसणीतला तानपुरा

पेटी गाणाऱ्याला सांभाळून घेते. पट्टी दाबली की सूर हजर. गळा जरा खाली राहिला तरी पेटीच्या आवाजात ते झाकून जातं. तानपुरा असं झाकत नाही. त्याच्याकडे षड्ज असतो, पंचम असतो, तारा नेमक्या मिळाल्या तर खर्जातून आपसूक उमटणारा गंधार असतो. बाकीचे सूर गाणाऱ्याने शोधायचे, आणि सापडले नाहीत तर तेही तिथल्या तिथे ऐकायचं. मला गाण्याची भीती कधीच वाटली नाही. वाटायची ती या ऐकण्याची.

आमच्या घरी तानपुरा आला तेव्हा आम्ही साताऱ्यात, शनिवार पेठेत राहत होतो. दादा मिरजेला जाऊन तो घेऊन आले. कऱ्हाड, रहिमतपूर, कोरेगाव करत गाडी येईपर्यंत त्यांनी तो पायांमध्ये उभा धरला होता, भोपळ्याला कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणारी माणसं सतारमेकर झाली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात, नीट वाळवले जातात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मला फार उशिरा मिळालेलं वाटतं.

गाण्याच्या परीक्षा मी बिनधास्त दिल्या. बंदिश गुरुजींची, ताना त्यांनी बसवून घेतलेल्या. जबाबदारी वाटून घेतलेली होती. अवघड होतं ते दुसरंच. मला चाली सुचायच्या. जनाबाईच्या एका अभंगाची चाल तर कॉलेजात असल्यापासून डोक्यात होती. पण ती मी अंगणात, गच्चीवर, साताऱ्यातल्या चारभिंतीच्या चढावर गुणगुणायचे. तानपुऱ्याची गवसणी काढून कधी नाही. मनात असेपर्यंत ती चाल सुंदरच होती. लग्न होऊन सांगलीला गावभागात आले, तानपुरा माझ्याबरोबर आला आणि गवसणीतच राहिला. घर, नोकरी, मुलं ही कारणं खोटी नव्हती. पण तेवढीच नव्हती.

त्या काळात मी विष्णु दिगंबर पलुस्करांविषयी पुष्कळ वाचलं. कुरुंदवाडच्या या मुलाचे डोळे फटाक्याने अधू झाले, शाळा संपली, उपचारासाठी मिरजेला आणलेला मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला लागला. पुढे 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय, मग मुंबईला. ही गोष्ट सगळे इथपर्यंत सांगतात. मला तिचा नंतरचा भाग महत्त्वाचा वाटतो. कर्जापायी मुंबईची वास्तू हातची गेली. आयुष्यभराचं काम लोकांदेखत मोडताना पाहिलेला हा माणूस 1931 मध्ये मिरजेतच वारला. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. ज्या परीक्षांची प्रमाणपत्रं माझ्या कपाटात आहेत त्या याच मंडळाच्या, आणि त्याचं कार्यालय मिरजेत आहे. वास्तू गेली तेव्हा हे त्यांना कुठे ठाऊक होतं? ते गात राहिले, एवढंच त्यांच्या हातात होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं. तानपुरा माडीवर होता, वाचला. पण त्या दमट दिवसांनंतर त्याचा आवाज बसला. गवसणी काढणं भागच पडलं. मिरजेला कारागिराकडे नेला तर त्यांनी घोडी बोटाने चाचपली. तारांनी तिच्यावर चरे पाडले होते, जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी गुंज, पार गेली होती.

जवारी काढताना मी पहिल्यांदाच पाहत होते. घोडीच्या माथ्याला अगदी किंचित बाक द्यायचा असतो, तार त्यावर टेकून हळूहळू सुटली पाहिजे. हे मोजायचं कुठलंही माप नाही. तार बाजूला करायची, कानशीचा हात फिरवायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायची. आवाज आधीपेक्षा वाईट आला की पुन्हा तार बाजूला. दोन-तीनदा तर छान लागलेली जवारी त्यांनी माझ्यादेखत मोडली. घोडी जास्त घासली गेली तर, असं मी काळजीने विचारलं. तर नवी बसवायची, ते म्हणाले आणि पुन्हा कानाशी तार छेडू लागले. त्या बेसूर खणखणाटाचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. तो त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. शेवटी तारांखाली सुती दोरा सरकवला आणि चारही तारा गाऊ लागल्या.

घरी आल्यावर मी त्या अभंगाची चाल तानपुऱ्यावर गायले. ती वाईट होती. धृपद चांगलं, अंतरा मात्र दुसऱ्याच कुठल्या गाण्यातून आल्यासारखा. इतकी वर्षं जपलेली ती चाल मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या संध्याकाळी वाईट वाटलं, खूपच. पण दुसऱ्या दिवशी तिच्यावर काम करता आलं, जे मनातल्या चालीवर कधीच करता आलं नसतं.

पुढे शेजारच्या काकूंकडे भजनाला ती म्हटली. काकूंनी सरळ सांगितलं, दुसऱ्या चरणाशी बायकांना धरता येत नाही, श्वास पुरत नाही. मी तो चरण तोडून दोन ठिकाणी विसावा दिला. आता बायका धरतात. अंतरा मात्र अजून पडतो. गुरुवारी माझ्याकडे मुली गाणं शिकायला येतील तेव्हा तो मध्यमावरून उचलून बघणार आहे, आणि नाही जमला तर खाली, पंचमाऐवजी गंधारावर आणून सोडणार आहे.