तापीकाठी गळ टाकताना

जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. तापी आहे, आणि ती सुरतेच्या पुढे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. ज्यांना पुढे लाटांत गळ टाकायचा आहे, त्यांनी आधी तापी, गिरणा, पांझरेवर हात बसवावा.

•

दुकानदार आधी काठी दाखवतो. आपण उलट्या क्रमाने जावं. मासा कोणता ते ठरवायचं, मग गळ, शिसं, धागा, आणि काठी अगदी शेवटी. काठी किती वजन फेकू शकते, तो ग्रॅमचा आकडा बहुधा तिच्या बुडाजवळ छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

नदीसाठी सात-आठ फुटी काठी, ३००० किंवा ४००० नंबरचं रीळ आणि ०.३० मिमीचा साधा नायलॉन पुरे. विणलेला धागा नव्या हाताला नको. तो गुंततो, बोट कापतो. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे माशाचा झटका पचतो.

•

कटला वरच्या पाण्यात खातो, राहू मधल्या, मृगळ तळाशी. तलावात तिघांचं बीज एकत्र सोडतात ते यासाठीच. म्हणून कटल्याला तरंगी लावून गळ वर ठेवायचा, मृगळाला तळावर सोडायचा.

•

तळासाठी सरकतं शिसं. मधे भोक असलेल्या शिशातून धागा ओवायचा, पुढे एक मणी, मग फिरकी. फिरकीच्या दुसऱ्या टोकाला हातभर धागा आणि त्याला गळ. मासा आमिष ओढतो तेव्हा धागा शिशातून सरकतो, त्याला वजन लागत नाही. ही एकच जोडणी नीट शिकलात तरी पहिलं वर्ष निघेल. समुद्रावरही तीच चालते, फक्त शिसं बदलतं. वाळूत चौकोनी निमुळतं घ्यावं, त्याच्या कडा रुततात. खडकाळ जागी शिसं वेगळ्या, कच्च्या धाग्याने बांधावं. अडकलं तर शिसं जाईल, मासा राहील.

•

गळाचा नंबर वाढला की गळ लहान. १० नंबर चिलापीला, ६ किंवा ४ राहूला. पण १/० पासून पुढे उलटं, आकडा वाढेल तसा गळ मोठा. मरळीला तिथून पाहावं. ती पाणवनस्पतींच्या दाटीत राहते, म्हणून धागाही जाड.

•

आमिषाची कणीक घट्ट मळावी, धारेत सैल गोळा विरतो. रावेर-यावलकडच्यांनी तीत पिकलेलं केळं कुस्करून पाहावं.

•

लाटांसाठी दहा-बारा फुटी काठी आणि शंभर ग्रॅमच्या आसपास शिसं. इथे एक गोष्ट टाळता येत नाही: मुख्य धाग्यापुढे काठीच्या दुप्पट लांबीचा जाड धागा हवाच. हिशेब असा, की दर २८ ग्रॅम शिशामागे १० पौंड ताकद. फेकताना धागा तुटला तर ते शिसं गोळीसारखं सुटतं, आणि किनाऱ्यावर पोरं खेळत असतात.

डुमसला मात्र सुरुवात करू नये. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, आणि चिखलही. कोकणातली वाळू बरी. तिथे मुडदुशी फुटत्या लाटेच्या अलीकडेच मिळते. लहान गळ आणि कोळंबीचा तुकडा बास, लांब फेकावंही लागत नाही.

•

धरण-तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. सभासदांनी पदरचे पैसे घालून बीज सोडलेलं असतं. विचारल्याशिवाय गळ टाकू नये. भोई मंडळींजवळ बसलात तर पाणी वाचायलाही शिकाल.

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाखाली पात्रात उतरू नका. धरणाला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की पाणी झपाट्याने चढतं. माशांच्या विणीचाही तोच काळ. गाभोळी भरलेली मादी लागली तर सोडून द्या.

•

हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. काठावर टाकलेला नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही, त्यांच्या पायांत अडकतो. तुटलेला धागा, अगदी वीतभर असला तरी, खिशात घालून घरी न्या.