सीटखालचा खर्ज

भजनाच्या दिवशी आई पोळ्यांची कणीक मळायची, तेव्हा मुठीत मावेल एवढा एक गोळा बाजूला काढून ठेवायची. तो अण्णांच्या पखवाजाचा. देवळात पोचलं की अण्णा तो ओल्या बोटांनी डाव्या पुडीच्या मधोमध थापायचे, अंगठ्यानं कडा दाबत गोल पसरवायचे, मग त्यावर तळवा टाकून मान तिरकी करून ऐकायचे. आवाज चढा वाटला तर आणखी चिमूटभर कणीक. फार खाली गेला तर नखानं थोडी खरवडायची. उजव्या बाजूची शाई कायमची बसवलेली असते. डावीची कणीक मात्र दर वेळी नव्यानं लावायची आणि भजन संपलं की काढून टाकायची. भजन रंगेपर्यंत ती वाळायला लागे, आवाज वर चढे, मग मधेच पाण्याचं बोट फिरे. मी त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकून बसायचे. तो ‘धूं’ कानापर्यंत पोचायच्या आधी मला बरगड्यांत कळायचा.

कणीक कशाला लावायची, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, “जड झाल्याशिवाय कातडं खाली बोलत नाही.” या उत्तराचा पुरता अर्थ कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

मधल्या वर्षांत हा खालचा आवाज माझ्या आयुष्यातून हळूहळू निघून गेला. पुण्यात शिकायला आले तेव्हा खोलीवर एक वीतभर ट्रान्झिस्टर होता. त्यावर भीमसेन जोशी लागले की मला त्यांचा खर्ज नीट ऐकू येतोय असंच वाटे. पुढे वाचनात आलं, की एवढ्याशा स्पीकरमधून तो मूळ सूर जवळपास निघतच नाही. त्या सुराबरोबर वर वाजणारे त्याचे उपस्वर तेवढे बाहेर पडतात आणि त्यांच्यामधल्या अंतरांवरून खालचा सूर आपला मेंदू भरून काढतो. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. इतकी वर्षं जे ऐकलं त्यातलं निम्मं काम माझ्याच कानांनी केलं होतं.

पण भरून काढलेला सूर अंगाला लागत नाही. तो कळतो, एवढंच.

विसर्जनाच्या रात्री आमच्या गल्लीतून स्पीकरच्या भिंती जातात तेव्हा तावदानं थरथरतात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडतं. त्यामुळे बेस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तो धुडगूसच येतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. खर्ज म्हणजे गोंगाट नव्हे. तंबोऱ्याची शेवटची तार किती हळू छेडतात! तिच्यावर बाकीचं सगळं उभं असतं.

म्हणून तीन वर्षांपूर्वी जुनी वॅगनआर घेतली आणि तिच्या दारांतल्या स्पीकरवर पहिल्यांदा अभंग लावला तेव्हा मी बेचैन झाले. टाळ लख्ख, आवाज स्वच्छ, पण पखवाज म्हणजे कुणीतरी पत्र्याचा डबा वाजवतंय. आवाज वाढवला तर टाळ टोचायला लागले. कमी केला तर पखवाज पार गेला. कानाची रीतच अशी आहे. 1933 साली बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं, की आवाज बारीक केला की खालचे सूर आपल्याला बाकीच्यांपेक्षा जास्त मंद वाटतात. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं ते याचसाठी.

नाना पेठेत चौकशी केली तर पहिल्या दोन दुकानांत डिकीत ठेवायचा भलामोठा लाकडी डबा दाखवला. माझ्या डिकीत तांदळाचं पोतं, आईची औषधं आणि परतीच्या वाटेवर गावाकडच्या भाज्या असतात. तिसऱ्या दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, सीटखाली बसेल असं देतो ना.” त्यानं एक काळी, चपटी, ॲल्युमिनियमची पेटी काढली. आठ इंची स्पीकर, ॲम्प्लिफायर आतच. माझ्या वॅगनआरमध्ये चालकाशेजारच्या सीटखाली सामान ठेवायचा एक काढता-घालता ट्रे आहे. तो काढला आणि पेटी तिथं अशी बसली, जणू जागा तिच्याचसाठी राखून ठेवली होती.

एवढ्याशा पेटीतून खर्ज निघेल कसा, ही शंका मलाही होती. हॉफमन नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं, केएलएच या स्पीकर कंपनीतल्या ‘एच’नं, याचा एक सरळ हिशेब मांडून ठेवला आहे. लहान पेटी, खोल सूर आणि थोडक्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. कुठल्याही दोन घ्या, तिसरी सोडा. सीटखालच्या पेटीत सोडलेली असते ती तिसरी. लहान पेटीतली कोंडलेली हवा ताठ स्प्रिंगसारखी वागते. तरी पडद्यानं खाली बोलावं म्हणून तो मुद्दाम जड करतात, आणि जड पडदा हलवायला जास्त वीज मोजतात.

हे वाचता वाचता मी थांबले. पडदा जड करतात. कणीक!

दुसरी मदत खुद्द लहान गाडीच करते. चाळीस हर्ट्झच्या सुराची एक लाट साधारण साडेआठ मीटर लांब असते आणि माझी अख्खी गाडी चार मीटरच्या आत आहे. मोकळ्या मैदानात असा सूर चहूकडे पांगतो. बंद गाडीत लाट उलगडायला जागाच नसते, त्यामुळे आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सुटते. साधारण साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली गेलं की हा दाब आपसूक वाढत जातो. मोठ्या दिवाणखान्यात ही पेटी केविलवाणी वाटली असती. लहान गाडीत तिला घर मिळालं.

पहिली जोडणी मात्र फसली. इंजिन सुरू केलं की ‘कींऽऽ’ असा बारीक आवाज यायचा आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढत जायचा. दुकानात परत गेले तर “होतं असं, सवय होईल” म्हणाले. मला सवय करून घ्यायची नव्हती. एका रविवारी मी स्वतः सीटखाली डोकं घातलं. बॅटरीकडून येणारी जाड लाल वायर ठीक होती. तिचा फ्यूज बॅटरीला लागूनच होता, पत्र्यातून आत येताना भोकाला रबरही होतं. काळी अर्थिंगची वायर मात्र रंगावरच बोल्ट मारून बसवलेली. रंगातून वीज नीट कशी जाणार? बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली, खालचा पत्रा चांदीसारखा चमकायला लागला तेव्हा वायर पुन्हा आवळली. आवाज गेला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांना लोखंडाचा वास येत होता आणि मला तो आवडत होता.

मग जुळवणी. ऐंशी हर्ट्झच्या वरचं सगळं दारांकडे, खालचं सीटखाली. इतक्या खालच्या सुराची दिशा कानाला सहसा कळत नाही, त्यामुळे पेटी कुठंही असली तरी चालते. पेटीवर फेज बदलायचं एक छोटं बटण आहे. ते एका बाजूला असताना पखवाज पोकळ वाटायचा. दुसरीकडे सरकवलं आणि तो सीटखालून उठून समोर काचेपाशी येऊन बसला. मी ते बटण दहा वेळा तरी इकडून तिकडे केलं असेल.

पुढच्या शनिवारी खंबाटकी ओलांडून गावी गेले. अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. बोटं आखडल्यामुळे पखवाज चार वर्षं खुंटीवर आहे. वयानं त्यांचे वरचे सूर गेलेत, टाळ तर त्यांना आता ऐकूच येत नाहीत. गाडी अंगणात उभी करून मी त्यांना पुढं बसवलं, त्या सीटवर. त्यांच्या बाजूचं दार उघडंच होतं. अभंग सुरू झाला तसे ते मान हलवत राहिले, पोरीनं काही दाखवावं आणि आपण कौतुक करावं, तसे. मी पलीकडून जाऊन त्यांचं दार लावलं. बंद होताच गाडीतली हवा भरून आल्यासारखा पखवाज आत उतरला.

अण्णांची मान थांबली. त्यांनी डावा तळवा सीटच्या कडेवर टेकवला, बोटं पसरली. अख्खा अभंग ते तसेच बसले होते. मी काही बोलले नाही.

संपल्यावर म्हणाले, “पुन्हा लाव.”

दुसऱ्यांदा चार आवर्तनं झाली असतील. त्यांची मान तिरकी झाली, तशीच, देवळातल्यासारखी.

“कणीक जास्त झालीय,” ते म्हणाले. “थोडी काढ.”

डॅशबोर्डखाली बेसचं छोटं गोल बटण आहे. मी ते किंचित मागं फिरवलं.

“अजून थोडी. हां. बास.”