जुन्या यंत्राची योग्यता

जे जुने झाले ते टाकाऊ, असे मानण्याचा हल्ली प्रघात पडला आहे. मनुष्याच्या बाबतीत निदान तोंडदेखला संकोच तरी बाळगला जातो. यंत्राच्या वाट्यास तोही येत नाही.

आमच्या रत्नागिरीच्या घरी जो संगणक आहे, त्याचा ‘कोअर २ ड्युओ ई ८४००’ हा इंटेलचा प्रोसेसर २००८ च्या जानेवारीत बाजारात आला. तो मोडीत काढावा, असे चिरंजीवांचे मत पडले. परंतु तीर्थरूपांनी कुलवृत्तांतासाठी आयुष्यभर जमविलेली टिपणे त्याच संगणकावर असल्यामुळे आमचे मन घेईना. तथापि ममता हा काही युक्तिवाद नव्हे. म्हणून यंत्राची योग्यता पारखून पाहण्याचे आम्ही ठरविले.

प्रोसेसरची परीक्षा केवळ गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून होत नाही. २००४ चा अतिवेगवान पेंटियम ४ सेकंदास ३८० कोटी ठोके देई. आमचा ३०० कोटीच देतो. परंतु त्या पेंटियमात एका आज्ञेला सुमारे ३१ पायऱ्या चढाव्या लागत. कोअर २ मध्ये त्या १४ वर आल्या. पुढील वाटेचा अंदाज चुकला की जिना पुन्हा प्रथमपासून चढावयाचा. तेव्हा आखूड जिन्याचा लाभ उघड आहे. शिवाय येथे गाभे दोन, जवळची स्मृती ६ मेगाबाइट, ट्रान्झिस्टर सुमारे ४१ कोटी. आणि उष्णतेचे मान ११५ वॅटवरून ६५ वर उतरलेले. धावपळ कमी, काम अधिक!

अर्थात मर्यादाही आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत या प्रोसेसरास स्थान नाही. लेखन-वाचनापुरता लिनक्सवर तो अजून सुखाने चालेल. जड कामे मात्र त्याजकडून अपेक्षू नयेत.

या विचारातून एक गोष्ट ध्यानी आली. प्रोसेसर सहसा आधी मरत नाही. आधी थकते ती फिरती हार्ड डिस्क, आणि समुद्राची खारट, दमट हवा सांध्यांना गंज चढविते. म्हणजे आम्ही वाद घालीत होतो तो मेंदूविषयी, आणि धोका होता तो स्मृतीस! टिपणांच्या दोन प्रती अन्यत्र करून ठेविल्या, तेव्हाच चिरंजीवांशी पुढील बोलणे सुरू केले. यंत्र ठेवावे की टाकावे, हा प्रश्न आता निवांतपणे सुटेल.