शिरढोणची वाट

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्यास लागलें म्हणजे कर्नाळ्याचा सुळका दृष्टीस पडतो. त्याच्या अलीकडेच शिरढोण हें गांव आहे. मुखेडाहून नांदेड आणि नांदेडाहून आगगाडीनें पनवेल, असा आम्हां आजा-नातवांचा प्रवास झाला, तो वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मस्थान पाहण्यासाठीं.

येथें ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं त्यांचा जन्म झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ सालीं तो किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. या गांवांत वाढलेल्या मुलास गेलेल्या राज्याची आठवण कोणी मुद्दाम करून द्यावयास नकोच होती. मान वर केली कीं सुळका समोर उभाच!

पुढें पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत त्यांनीं नोकरी धरली. आई अत्यवस्थ असतां रजा मिळाली नाहीं, तेव्हां मन पेटलें. त्यांतच १८७६-७७ चा दुष्काळ पडला. अन्नान्न करणारीं माणसें त्यांनीं हिंडून पाहिलीं, रामोशी मिळविले, आणि फेब्रुवारी १८७९ मध्यें शिरूर तालुक्यांतील धामारी गांवावर पहिला मोठा दरोडा घातला.

वाडा पाहून बाहेर येतांच नातवानें विचारलें, "आजोबा, लुटले गेले ते तर आपलेच लोक ना?"

शिक्षकाच्या पेशांत जन्म गेला, तरी क्षणभर मी निरुत्तर झालों. कारण प्रश्न खरा होता. सैन्य उभारण्यास पैसा हवा, म्हणून दरोडे. पण सोबत्यांची दृष्टि पुष्कळदां लुटीपलीकडे जात नाहीं, ही व्यथा फडक्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. निराश होऊन ते श्रीशैलास मल्लिकार्जुनाच्या पायांशीं गेले, तेहि देह ठेवण्याच्या विचारानें. तेथून परतून त्यांनीं गाणगापुराकडे रोहिले जमविण्याची खटपट केली. तो मुलूख निजामाचा. आमचें मुखेडहि १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होतें. त्या राज्याचे पोलीस अधिकारी अब्दुल हक आणि इंग्रजांचे मेजर डॅनियल यांनीं मिळून जुलै १८७९ मध्यें कलादगी जिल्ह्यांतील देवर नावडगी येथें त्यांना पकडलें. पुण्यास खटला चालला. सार्वजनिक काकांनीं वकीलपत्र घेतलें. तथापि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि जानेवारी १८८० मध्यें त्यांना एडनला धाडण्यांत आलें.

काळ्या पाण्यावर गेलेला मनुष्य नरम पडतो, अशी सरकारची समजूत. या कैद्यानें कोठडीचें दारच बिजागऱ्यांतून उखडलें आणि तो पसार झाला! परंतु अनोळखी प्रदेशांत निभाव कसा लागणार? थोड्याच वेळांत ते पुन्हां पकडले गेले. पुढें देह झिजत गेला. अखेर अन्न वर्ज्य करून १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, त्यांनीं प्राण सोडला.

दंडसंहितेच्या हिशेबीं कोठडींतून पळणें हा शिक्षा भोगणाऱ्याचा दुसरा अपराध. पण 'अपराध' या शब्दाचा धातु 'राध्', आणि 'अप' जोडतां त्याचा मूळ अर्थ नेम चुकणें असा होतो. ज्याचा बाण लक्ष्यास लागला नाहीं, त्या धनुर्धरास अमरकोशांत 'अपराद्धपृषत्क' म्हटलें आहे. नातवास मीं हेंच सांगितलें: "धामारीस बाण सुटला तो लक्ष्य सोडून भलत्यावरच पडला, तो अपराध खराच, तो लपवूं नये. एडनला मात्र नेम चुकला नव्हता, हात अपुरे पडले."

परतीच्या गाडींत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एडनला तरी इंग्रजांचें राज्य नव्हतें ना?"

"होतें. तेव्हां तें मुंबई सरकारच्याच ताब्यांत होतें."

"मग दार उखडून ते जाणार होते तरी कोठें?"

मीं खिडकीबाहेर पाहिलें. कर्नाळ्याचा सुळका केव्हांच मागें पडला होता.