गांधाराचे चौदा सेंट

भालकी तालुक्यातील भजनांत आम्ही वाढलो. वीणेच्या षड्जातून आपोआप उमटणारा गांधार आमच्या कानांत मुरलेला. शाळेत विजेचा कीबोर्ड आला तेव्हा त्याचा गांधार आम्हांस टोचू लागला. आमच्या गावचे वीणेकरी आजोबा तर त्याच्या साथीने गावयासच तयार होईनात.

कारण सरळ आहे. या वाद्यात सप्तकाच्या बारा समान पायऱ्या असतात, प्रत्येकी 100 सेंटांची. म्हणून गांधार 400 सेंटांवर पडतो. वीणेचा मात्र सुमारे 386 वर. पेटीतही हाच दोष. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, तेव्हा मींड निघत नाही या तक्रारीच्या जोडीला हीही तक्रार होतीच. पेटीची पत्ती कानशीने घासावी लागते. येथे स्केल ट्यूनिंगमध्ये त्या कळीपुढे उणे 14 मांडले की काम झाले. षड्ज काळी दोनचा असेल तर ती कळ पांढरी पाच. षड्ज बदलला की आकडाही हलवावा लागतो. मींडेसाठी डावीकडचे चाक आहे. त्याची पोच दोन अर्धस्वरांपुरतीच बरी, नाहीतर बोट थरथरले तरी सूर घसरतो.

स्नेहसंमेलनाच्या तालमीत आजोबांनी डोळे मिटून ऐकले. म्हणाले, “गांधार बसला. आता धैवत पाहा, पोरांनो.”

धैवत 16 सेंट चढा निघाला.